डिपॉझिट भरण्याआधी

*ताई, नमस्कार. मी कळव्याला राहते. वय ४४. गेल्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ लागली. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी झाली आणि कॅन्सर निघाला. रिपोर्टवर ‘हर-टू पॉझिटिव्ह’ लिहिलंय. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणतात, आधी केमो, मग ऑपरेशन, मग लाइट म्हणजे रेडिएशन, आणि एक इंजेक्शन वर्षभर. साडेनऊ लाखांचा अंदाज दिलाय. येत्या शुक्रवारपर्यंत एक लाख डिपॉझिट भरायचंय. तपासण्यांना आतापर्यंत ४८ हजार गेले, त्यासाठी बांगड्या ठेवल्या.*

*मिस्टर रबाळे एमआयडीसीत कंत्राटावर आहेत, चार वर्षं एकाच कॉन्ट्रॅक्टरकडे. पगार १९,५००. त्यातून पीएफ जातो आणि १४७ रुपये ईएसआयचे कापतात, पण त्याचं कार्ड कधी हातात दिलं नाही. मी घरी ब्लाउज शिवते, महिन्याला चारेक हजार सुटतात. रेशन कार्ड केशरी आहे. आधारवर माझं अजून माहेरचंच नाव आहे.*

*जुन्नरकडे आमची सव्वा एकर जमीन आहे, दीर म्हणतात विकून मोकळे होऊ. शेजारचे एक गृहस्थ आठ हजारांत टाटाला नंबर लावून देतो म्हणतात. नणंद डोंबिवलीला असते, ती येते येते म्हणते, मीच नको म्हणते. कोणापुढे हात पसरायची सवय नाही हो. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. जमीन विकावी का? आणि हे वर्ष काढायचं कसं?*

*— कळव्याची एक वाचक*

ताई,

जमीन विकू नका. शेजारच्या गृहस्थांना आठ हजार देऊ नका. आणि शुक्रवारचं एक लाखाचं डिपॉझिट, पुढे लिहिलंय ते करून झाल्याशिवाय भरू नका. ही तीन उत्तरं आधी देते, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत.

तुमच्या पत्रात मी ज्या ओळीवर थांबले ती साडेनऊ लाखांची नव्हे, १४७ रुपयांची. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. पण ज्या घरात दर महिन्याला ही रक्कम कापली जाते, ते घर कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजेच ईएसआयमध्ये, असतं. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के या विम्यात जातात. १९,५०० चा पाऊण टक्का काढून बघा, १४७ च्या आसपासच येतो. म्हणजे कपात बरोबर होते आहे. हा विमा एकट्या तुमच्या यजमानांचा नाही. बायको आणि मुलंही त्यात येतात, आणि उपचारांच्या खर्चाला या योजनेत वरची मर्यादा ठेवलेली नाही. ईएसआयच्या स्वतःच्या हॉस्पिटलात जे होत नाही, कॅन्सरचे बरेचसे उपचार त्यात आले, त्यासाठी ते करार असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या नावे पत्र देतात आणि ते हॉस्पिटल बिल परस्पर ईएसआयकडे पाठवतं. कुटुंबातल्या माणसाला अशा मोठ्या उपचारांसाठी पाठवायचं तर कामगाराची ठरावीक काळाची वर्गणी जमा असावी लागते. तुमच्या यजमानांची चार वर्षं सलग झाली आहेत, त्यामुळे तिथे अडायचं कारण दिसत नाही.

कंत्राटी कामगारांच्या घरांत हे पुन्हा पुन्हा होतं. पैसे कापले जातात, कार्ड मिळत नाही, आणि आजार आला की माणूस सोनं घेऊन धावतो. मला याचा राग येतो. तो तुमच्यावर नाही.

तेव्हा उद्या सकाळी यजमानांनी कामावर गेल्या गेल्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात जाऊन दहा आकडी विमा क्रमांक मागायचा. पगाराच्या पावतीवर तो बहुतेकदा छापलेला असतो, आधी तिथे बघा. क्रमांक हातात आला की ईएसआयच्या संकेतस्थळावरून ई-पहचान कार्ड स्वतःलाच काढता येतं. त्यावर कुटुंबीयांची नावं आहेत का आणि कोणता दवाखाना नेमून दिलाय, हे दोन्ही बघा. तुमचं नाव नसेल तर ते आधी घालून घ्यावं लागेल. कॉन्ट्रॅक्टर टोलवाटोलवी करायला लागला तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. पगाराच्या पावत्या घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा, किंवा १८०० ११ २५२६ या त्यांच्या टोल फ्री क्रमांकावर विचारा. पैसे कापले आणि भरलेच नाहीत असं निघालं तर ती तक्रारही तिथेच होते.

मग नेमलेला दवाखाना, तिथून चिठ्ठी घेऊन ईएसआयचं कामगार हॉस्पिटल. तुमच्या बाजूला वागळे इस्टेटचं, नवी मुंबईत वाशीचं. तिथे बायोप्सीचा रिपोर्ट दाखवून पुढच्या हॉस्पिटलचं पत्र मागायचं. या फेऱ्यांत काही दिवस जातील, कधी एखाद्या सहीसाठी परत यावं लागेल. त्याची तयारी ठेवा आणि तिथल्या माणसाला पहिल्याच वाक्यात सांगा की बायोप्सीत कॅन्सर निघालाय आणि केमो सुरू व्हायची आहे. नुसतं ‘गाठ आहे’ म्हटलं तर तुमची चिठ्ठी साध्या गठ्ठ्यात जाते.

आता डिपॉझिट का थांबवायचं, ते सांगते. या सगळ्या मदतीचा एक नियम समान आहे, आणि तो न कळल्यामुळे कितीतरी घरांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. योजना कोणतीही घ्या, पैसे रुग्णाच्या हातात येत नाहीत, हॉस्पिटलला जातात. आणि मंजुरी उपचाराच्या आधी घ्यावी लागते. आधी खिशातून भरू, नंतर योजनेतून परत मिळवू, असा हिशोब करणाऱ्यांना बहुतेकदा परत काही मिळत नाही. तुमचे ४८ हजार गेले. त्यांची बिलं जपून ठेवा, विचारूनही बघा, पण ते परत येतील असं धरून चालू नका. पुढचा रुपया मात्र विचारल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही.

तुम्हाला वाटेल, या खटपटीत उपचार लांबले तर? ही भीती खरी आहे, आणि तिचं उत्तर मी किंवा दीर देऊ शकत नाही. शुक्रवारी त्याच डॉक्टरांना सरळ विचारा, “केमो सुरू करायला किती दिवस थांबलं तर चालेल?” कागदांसाठी थोडे दिवस मागतोय असं सांगितलं तर बहुतेक डॉक्टर मोकळेपणाने सांगतात. ते देतील त्या तारखेच्या आत कागद बसवायचे. ती तारीख ओलांडून योजनेची वाट बघत बसायचं नाही, आणि ‘आधी आयुर्वेदिक काढा घेऊन बघू’ म्हणणाऱ्या एकाही नातेवाइकाचं त्या दिवसांत ऐकायचं नाही.

ईएसआय अडलंच, किंवा त्याला वेळ लागणार असं दिसलं, तर दुसरा रस्ता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. ती आता केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्याच रेशन कार्डांना ती लागू झाली, आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं केशरी कार्ड त्यात बसतंच. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, बहुतेक ठिकाणी दारातून आत गेल्यावर त्याचं टेबल दिसतं. त्याला एक पैसा द्यायचा नसतो. कोणती हॉस्पिटलं योजनेत आहेत आणि त्यांतल्या कुठे कॅन्सरचे उपचार होतात, हे १५५३८८ वर फोन करून कळतं. नुसतं ‘योजना आहे का’ विचारू नका. “स्तनाच्या कॅन्सरची केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन, तिन्ही याच हॉस्पिटलात योजनेतून होतात का?” असं विचारा. काही ठिकाणी ऑपरेशन होतं पण लाइटचं मशीन नसतं, आणि अर्ध्यावर हॉस्पिटल बदलायची पाळी येते.

‘हर-टू पॉझिटिव्ह’ वाचून तुम्ही घाबरला असाल. त्याचा अर्थ तुमच्या गाठीच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त आहे, आणि त्याच्यावरच बरोबर नेम धरणारं औषध आहे. वर्षभराचं इंजेक्शन म्हणतात ते हेच, ट्रास्टुझुमॅब. साधारण दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. तुमच्या साडेनऊ लाखांतला मोठा वाटा याचा असणार. २०१४ पासून भारतीय कंपन्यांनी बनवलेलं हेच औषध मूळ परदेशी ब्रँडपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतं, त्याला बायोसिमिलर म्हणतात. अंदाजपत्रकात कोणत्या कंपनीचं धरलंय ते विचाराच. आणि योजनेतून हे औषध किती मात्रांपर्यंत मिळेल हे आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर विसंबू नका, कारण प्रश्न सातव्या-आठव्या मात्रेला येतो. या औषधाचा हृदयावर परिणाम होतोय का ते बघायला साधारण दर तीन महिन्यांनी टूडी इको करतात. ती तपासणी कशात बसते, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

टाटाबद्दल. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून आहे, आणि त्याच संस्थेचं दुसरं मोठं केंद्र आपल्या खारघरला आहे, अ‍ॅक्ट्रेक. तिथे नाव नोंदवायला ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. नोंदणी ऑनलाइनही होते. ‘नंबर लावून देतो’ म्हणणारा माणूस तुमच्याच नावाने तोच फॉर्म भरतो आणि आठ हजार घेतो. नोंदणी करताना जनरल आणि प्रायव्हेट असे वर्ग असतात. उपचार करणारे डॉक्टर तेच, पण खर्चात फार मोठा फरक पडतो. जनरल निवडा. मग तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. समाजसेवकांचं कामच हे आहे की कोणत्या रुग्णाला कोणती योजना, कोणता ट्रस्ट, कोणता निधी बसेल ते बघायचं आणि अर्ज भरून घ्यायचे. तिथे बसून घरचा खरा हिशोब सांगणं याला हात पसरणं म्हणत नाहीत. पगार, भाडं किंवा हप्ता, मुलांच्या फिया, बांगड्या ठेवल्यात ते, सगळं सांगा. जितकं खरं सांगाल तितकी योग्य जागी चिठ्ठी जाईल.

गर्दी मात्र आहे. परळला तर फारच. सकाळी लवकर निघायचं, डबा-पाणी बरोबर घ्यायचं, आणि दिवस त्यातच जाणार हे धरून चालायचं.

हॉस्पिटल बदलायचं ठरलं तर एक गोष्ट आजच करा. बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबमधून नुसता रिपोर्ट नव्हे, स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे तुमच्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो. मोठी हॉस्पिटलं तो स्वतः पुन्हा तपासतात. तो नसेल तर फेरी फुकट जाते, कधी पुन्हा सुई टोचावी लागते. मागणं हा तुमचा हक्क आहे. लॅबवाले एक अर्ज लिहून घेतात आणि देतात.

तिसरा रस्ता फारसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना, ती कितीही चकचकीत असली तरी, कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने ही योजना लागू झाली. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तुमच्या घरचा हिशोब केला तर यजमानांचे वर्षाचे २ लाख ३४ हजार, तुमचे शिवणाचे ४८ हजार, मिळून २ लाख ८२ हजार. म्हणजे तुम्ही दुर्बल घटकात बसता. ज्या खासगी हॉस्पिटलने साडेनऊ लाख सांगितले ते ट्रस्टचं आहे का, एवढं एक विचारा. असेल तर त्यांच्या समाजसेवकाकडे या योजनेतून अर्ज करा. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर तसं लेखी मागा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची तक्रार करता येते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील. त्यासाठी तहसीलदाराच्या दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असावं लागतं. तुमचं त्याहून जास्त आहे. कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणणारे भेटतील, त्या वाटेला जाऊ नका. पगार बँकेत जमा होतो, खोटं लगेच उघडं पडतं आणि मग खऱ्या योजनांमध्येही तुमच्याकडे संशयाने बघतात. खरा दाखला मात्र काढून ठेवाच, धर्मादाय खाटेसाठी तो लागेल. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो.

पीएफ. घरच्या माणसाच्या कॅन्सरसाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते आणि ती परत भरायची नसते. चार वर्षांचा पीएफ फार मोठा नसेल, पण लोकलचं भाडं, औषधं, घरात वाढलेला फळं-अंड्यांचा खर्च आणि यजमानांचे बुडालेले दिवस, यांना तोच उपयोगी पडेल. कारण वरच्या योजनांतून हे सगळे खर्च निघत नाहीत. म्हणून पीएफचे पैसे हॉस्पिटलच्या काउंटरवर ओतू नका, घरखर्चासाठी ठेवा.

जमिनीचंही तेच. घाईत विकली तर भाव पडेल, सात-बारावर किती जणांची नावं आहेत कोण जाणे, आणि व्यवहार होऊन पैसे हातात येईपर्यंत तुमची केमो अर्धी झालेली असेल. उपचार वर्षभर चालणार आहेत, खर्च एकदम यायचा नाही. ईएसआय किंवा जन आरोग्य योजना लागली तर ती विकायची वेळच यायची नाही. दिरांना सांगा, कागद बसेपर्यंत थांबा. आणि त्यांना खरंच हातभार लावायचा असेल तर बांगड्या कुठे ठेवल्यात ते बघायला सांगा. सावकाराकडे असतील तर बँकेच्या सोनेतारण कर्जावर फिरवून घ्या, व्याजात फरक पडेल.

ऑनलाइन वर्गणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी दहावीची आहे, ती सुचवेल. वाईट नाही, पण शेवटी ठेवा. तुमचा फोटो आणि रिपोर्ट सगळीकडे फिरतात, आणि तुम्हाला तर कोणापुढे हात पसरायचाही संकोच वाटतोय. त्यापेक्षा समाजसेवकाच्या चिठ्ठीवर मदत करणाऱ्या संस्था बघा. इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, परळला टाटाजवळ काम करणारं व्ही केअर फाउंडेशन. सिद्धिविनायक मंदिर न्यासही वैद्यकीय मदत देतो. ‘जासकॅप’ने कॅन्सरवर मराठीत पुस्तिका काढल्या आहेत, त्या जरूर वाचा. डॉक्टरांकडे तीन मिनिटं मिळतात, त्यात सगळं विचारून होत नाही.

आधारवरचं नाव. हे बारीक वाटतं, पण अडतं ते इथेच. ईएसआयच्या यादीत, रेशन कार्डावर, हॉस्पिटलच्या फाइलवर आणि आधारवर नाव एकच असायला हवं. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र असेल तर ते घेऊन आधार केंद्रात जा. नसेल तर आधी ते काढावं लागेल. यात वेळ जातो, म्हणून ईएसआयच्या कामाबरोबरच हे सुरू करा. आणि तोपर्यंत हॉस्पिटलात नाव नोंदवताना आधारवर आहे तसंच सांगा.

आता नणंदेबद्दल. डोंबिवली ते कळवा, एका लोकलचं अंतर आहे. तिला येऊ द्या, ताई.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, हिशोबाने लिहिते. यजमान कंत्राटावर आहेत, एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला. तुमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू आज त्यांची रजा आहे. ती कुठे खर्च करायची ते आत्ताच ठरवा. ईएसआयच्या ज्या कामांना त्यांचीच सही लागते ती कामं, पहिली केमो, ऑपरेशन. बाकी ओपीडीत बसणं, रक्त देणं, रिपोर्ट आणणं, पुढच्या केमोंना सोबत करणं, हे नणंदेचं. रेडिएशन तर आठवड्यातले पाच दिवस असतं, साधारण तीन ते पाच आठवडे. रोज दहा मिनिटांचं काम, पण येणं-जाणं रोजचं. खारघरला जायचं ठरलं तर कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल, पुढे रिक्षा किंवा एनएमएमटीची बस. थकलेल्या बाईने हे एकटीने करू नये. लोकलच्या दिव्यांग डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येतं, हॉस्पिटलचा कागद बरोबर ठेवा, कोणी हटकलं तर दाखवा. गर्दीच्या वेळी ठाण्याच्या जिन्यावर धक्के खाण्यापेक्षा अर्धा तास उशिराची वेळ मागून घ्या. रेडिएशनवाले शक्य असेल तर देतात.

नणंदेला ‘ये आणि मदत कर’ असं सांगू नका. त्याने दोघींचीही कुचंबणा होते. नेमकं काम सांगा. ‘मंगळवारी केमो आहे, सोमवारी रात्री राहायला ये.’ ‘बाराव्या दिवशी रक्त तपासायचंय, तू ने.’ आणि फाइल सांभाळायचं कामही तिच्याकडेच द्या. सगळ्या मूळ कागदांची एक फाइल जी घरातून बाहेर जात नाही, आणि झेरॉक्सची दुसरी जी पिशवीत असते. आधार, रेशन कार्ड, ई-पहचान, बायोप्सी, बिलं, सगळं तारखेने लावलेलं. ज्या घरात फाइल एका माणसाकडे असते तिथे काउंटरवर फेऱ्या कमी होतात.

शेजारच्या एका बाईला तरी खरं सांगा. एका रात्रीसाठी तरी ते लागेल. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं. घरात थर्मामीटर हवा. केमो कोणती आणि कधी झाली तो कागद उशाशी हवा. रात्री कुठे जायचं ते डॉक्टरांना पहिल्या केमोलाच विचारून ठेवा. जवळचं म्हणून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहेच. अशा रात्री मुलांजवळ कोणी बसायला हवं. ते शेजारणीने करायचं.

मुलीला सांगितलं नसेल तर सांगा. ती १५-१६ वर्षांची आहे. फोनवर दबक्या आवाजात चाललेलं ती केव्हाच ऐकते आहे, आणि जे ऐकू येत नाही ते मनाने भरते आहे. आजाराचं नाव सांगा, केस जातील हे सांगा, ते परत येतात हेही सांगा. तिच्या वर्गशिक्षिकेला एकदा भेटून या. मात्र घरचा स्वयंपाक दहावीच्या मुलीवर टाकू नका. केमोच्या आठवड्यात दोन वेळचा डबा लावा, किंवा ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्या ओळखीच्या बायकांना एकेक वार वाटून द्या. बायकांना हे काम आवडतं, आणि यात तुमच्यावर कुणाचे उपकारही चढत नाहीत. उद्या त्यांच्या घरी अडचण आली तर तुम्हीही जाणारच आहात.

तुमचं शिवण बंद करा असं मी म्हणणार नाही. ते चार हजारांसाठीही हवं आणि मनासाठीही. पण लग्नसराईच्या मोठ्या ऑर्डरी, आगाऊ पैसे घेऊन, या वर्षी धरू नका. केमोनंतरचे पहिले काही दिवस मशीन झाकून ठेवा. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या तर त्या हाताला पुढे सूज येऊ शकते. फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतात ते चुकवू नका, डाव्या हाताला सुई टोचणार नाही, कात्री लागणार नाही असं बघा, बोटात अंगुस्तान घाला. खांदा पुरता वर जायला लागेपर्यंत कापड बेतायचं काम दुसरीकडून करून घ्या. विगची इच्छा असेल तर विकत घेण्याआधी समाजसेवकाला विचारा, कॅन्सर रुग्णांना विनामूल्य विग देणाऱ्या संस्था मुंबईत आहेत.

एक सावधगिरी यजमानांसाठी. या वर्षात कॉन्ट्रॅक्टर बदलला तर नव्या माणसाला जुनाच दहा आकडी क्रमांक द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. नवा निघाला तर चार वर्षांची वर्गणी त्याला जोडली जात नाही आणि तुमच्या इंजेक्शनांच्या मध्येच पात्रतेचा प्रश्न उभा राहतो. पगारवाढ मिळणार असेल तरी २१,००० ची रेषा लक्षात ठेवून आधी शाखा कार्यालयात विचारा.

शुक्रवारी डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर तीन प्रश्न लिहून न्या. केमो सुरू करायला शेवटची तारीख कोणती? हे हॉस्पिटल ईएसआयच्या करारात, जन आरोग्य योजनेत किंवा धर्मादाय यादीत आहे का? इंजेक्शन कोणत्या कंपनीचं, एका मात्रेची किंमत किती? पहिल्याचं उत्तर डॉक्टरांकडून, बाकीच्या दोहोंचं बिलिंगवरून घ्या. उत्तरं आली आणि यजमानांचं ई-पहचान कार्ड निघालं की मला लगेच लिहा. कामगार हॉस्पिटलने कुणाच्या नावे पत्र दिलं ते कळलं की परळ, खारघर की आणखी कुठे, ते बघून ऑपरेशन आणि रेडिएशनच्या दिवसांची मांडणी आपण पुढच्या पत्रात करू.